ठकू कुटं जातीया

दादा, तुझा फोटो ओट्यावर लावायला पोरं आली होती. ती मला म्हणाली, बाई, तुम्ही फोटोच्या शेजारी बसा, म्हणजे बरं दिसेल. मी बसले. कुणी बस म्हटलं की मी बसते, ती सवय तुला माहीत आहे. तुझ्या फोटोला हार, माझ्या कानाला मफलर, आणि समोर पोरं मोबाइल धरून उभी. त्यातल्या एकानं विचारलं, "ह्याच का त्या कवितेतल्या ठकू?" दुसरा म्हणाला, "व्हय रं, त्याच. अजून हायेत."

अजून हायेत. थोरला भाऊ गेला आणि धाकटी बहीण मागं राहिली, यात काही आक्रीत नाही. पण त्या पोरानं ते असं म्हटलं, जसं देवळापुढचा पिंपळ अजून आहे म्हणावं. मी तोंडाला पदर लावला. त्यांना वाटलं रडतेय, म्हणून त्यांनी आणखी एक फोटो काढला.

तुझ्यावर स्मरणिका निघणार आहे आणि त्यात माझे चार शब्द हवेत म्हणे. तुझं शिक्षण, तुझी पुस्तकं, तुझे सत्कार हे लिहायला पुण्यात माणसं आहेत, त्यांनी पानंच्या पानं लिहिलीत. मी त्यातलं काही लिहिणार नाही. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि आपल्या दोघांचं बोलणं म्हणजे भांडण. छापायचं तर छापा म्हणावं, नाहीतर चुलीत घाला. चूल आहेच.

बघ, मी हे शाळेतल्या भाषेत लिहितेय. तू पुण्यात राहून जन्मभर आपल्या वाडीच्या बोलीत कविता लिहिल्यास, आणि घरी वहिनीशी, तुझ्या लेकीशी, मनूशी पुण्यासारखं बोललास. मी जन्मभर हाय-न्हाई करत बोलले, आणि हातात पेन आलं की हात आपोआप तू शिकवलेलं शुद्ध लिहायला लागतो. अंगणवाडीत बाई होते, तिथली सगळी रजिस्टरं मी अशीच भरली. तुझ्या कवितेला मातीचा वास येतो म्हणून लोक डोळे मिटायचे. माझ्या अंगाला तोच वास यायचा, तर मी तो साबण लावून काढत होते. सगळा उलटा न्याय.

पण तुझे उपकार मी नाकारत नाही. तसं केलं तर जीभ झडेल. माझी नांदणूक मोडली, नवऱ्यानं दुसरी आणली, आणि मी कपड्यांची पिशवी घेऊन वर वाडीला चढून आले, तेव्हा आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही. आई आत रडत होती, पण ती बाहेर येईना. तुला पुण्यात नुकती मास्तरकी लागली होती, शनिवारचा आला होतास. तू उठलास, माझ्या हातातली पिशवी घेतलीस आणि आप्पांना म्हणालास, "ती माज्या ताटातलं खाईल. तुमच्यातलं न्हाई." त्याआधी आप्पांपुढं त्या घरात कुणी तोंड उघडलं नव्हतं. तू उघडलंस, माझ्यासाठी. त्या दिवशी मी जेवले ते तुझ्याच ताटात बसून जेवले आणि तू माझ्याकडं न बघता भाकरी माझ्या बाजूला सरकवत होतास.

नंतर मला विषमज्वर झाला तेव्हा झोळीचा पुढचा दांडा तूच खांद्यावर घेतला होतास. चपला हातात धरून, निसरड्या वाटेनं, खाली डांबरीपर्यंत. अर्धवट शुद्धीत मला तुझं टाळकं तेवढं दिसत होतं आणि तू सारखा म्हणत होतास, आलं गं ठके, आलं. काही आलेलं नव्हतं. वाट तर अर्धीही झाली नव्हती.

अडचण तीच आहे, दादा. ज्यानं आपल्याला दार उघडून घरात घेतलं, त्यालाच "बाहेरून कडी तूच लावलीस" हे म्हणायचं कसं? मला ते जमलं नाही. तू जिवंत होतास तोवर तर नाहीच.

आता आवणीचं सांगते. तुला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना माहीत नसेल. भात लावताना सगळी वाडी एका रांगेत वाकते आणि मागं मागं सरकत जाते. एकजण ओळ टाकतो, बाकीचे झेलतात, म्हणजे पाठीचं दुखणं विसरतं. मधेच तो रांगेतल्या कुणाचं तरी नाव घालून टिंगलीची ओळ टाकतो. ज्याचं नाव आलं, त्यानं रांग बांधाला टेकायच्या आत उलटी ओळ टाकायची. टाकली की सगळे म्हणतात, फिटली. नाही टाकली तर ती ओळ अंगावर राहते आणि पुढच्या आवणीपर्यंत माणसाला त्याच ओळीनं हाक मारतात. आपल्या वाडीतला हा जुना खेळ. चेष्टेचा, पण पोटात लागायचं ते लागतंच.

त्या वर्षी पौडच्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी मला सांगितलं होतं की पुण्यात नर्सचं शिक्षण आहे, राहायची सोय आहे, दहावी झालेल्या आणि घर मोडलेल्या बायांना आधी घेतात. दहावी माझी झाली होती, परीक्षेला तूच बसवलं होतंस. मी तुला सांगितलं, तू म्हणालास, बघू. आप्पा हो म्हणाले नव्हते, पण नाहीही म्हणाले नव्हते, आणि आप्पांचं नाही न म्हणणं म्हणजे केवढं होतं. मी दोन लुगडी धुऊन, घडी घालून ठेवली होती. आईला कळलं होतं. ती बोलत नव्हती, पण तिनं मला एक जुनी उशी काढून दिली होती.

तू सुट्टी काढून आवणीला आला होतास. खाचरात चिखल, वर पावसाची धार, डोक्यावर इरली. तुझ्या शेजारी शेवंताकाकी, मग मी, मग आई, आणि पार टोकाला आप्पा. तुझा गळा चांगला, म्हणून ओळी तूच टाकत होतास. एकाएकी तू टाकलीस,

"डोंगूर कुटं जातुया?
ठकू कुटं जातीया?"

सगळी रांग हसली. मीही हसले असेन. शेवंताकाकीनं कोपरानं ढोसलं, "घे ठके, फेड." उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. काय होतं ते आता आठवत नाही, पण त्यात पुण्याचं नाव होतं. ते म्हटलं असतं तर सगळ्या वाडीदेखत ठरून गेलं असतं की मी चालले. मी तोंड उघडणार तेवढ्यात टोकाच्या आप्पांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मी रोपाची मूठ सोडवत राहिले. रांग बांधाला टेकली आणि ओळ माझ्या अंगावर राहिली.

संध्याकाळी आप्पा पाय धूत होते. आईनं भीतभीत विचारलं, "मग ठकूच्या पुन्याचं कसं करायचं?" आप्पा तुझीच ओळ म्हणाले. "ठकू कुटं जातीया." एवढंच म्हणाले आणि पाटावर बसले. वेगळा निकाल त्यांना द्यावाच लागला नाही, तू तो चालीत बांधून दिला होतास. सिस्टरांना निरोपसुद्धा तूच दिलास, पौडला एसटी बदलताना. ती उशी आईनं परत घेतली नाही. अजून माझ्या डोक्याखाली आहे.

पुढच्या आवणीला ती ओळ सुटायची, रीतच तशी आहे. पण तोवर तू ती पुण्याला नेली होतीस. तिच्या मागं-पुढं वाघजाई आली, धुकं आलं, आंबेमोहोराचा घमघमाट आला, आणि त्याची कविता झाली. कविता चांगलीच झाली, दादा. खोटं कशाला बोलू. तू पहिल्यांदा ओट्यावर वाचून दाखवलीस तेव्हा आई ढसाढसा रडली, आणि मला इतकं बरं वाटलं की माझ्यासारखीचं नाव कुणी कवितेत घातलं. ते बरं वाटणं पुष्कळ दिवस टिकलं. कुठली नर्स आणि कुठलं पुणं, सगळं त्यापुढं फिकं पडलं.

मग ती शाळेशाळेतून म्हणायला लागले. मग पंचायतीच्या भिंतीवर रंगवली. आता हिंजवडीची पोरं डोंगर चढायला येतात, त्यांच्या टी-शर्टावर आहे. मी पौडच्या बाजारात वांगी घेत होते, तर वांगीवाली म्हणाली, "बाई, तुमी खाली कशा काय?" विनोदानं म्हणाली. मी वांगी घेतली आणि वर चढले.

आणि पाहुणे. तुझा फोन यायचा, "ठके, मंडळी येतायत, गाऊन काढ." मग मी गाऊन काढून नऊवारी नेसायची, जी मी लग्नाकार्याशिवाय नेसत नाही. गॅसच्या शेगडीवर परात उपडी घालायची आणि सिलिंडरवर गोधडी टाकायची. चूल पेटवायची, धुरानं डोळ्याला धारा लागायच्या, आणि मंडळी म्हणायची, काय तो गोडवा. गुडघे गेल्यावर मनूनं मला संडासाची खुर्ची आणून दिली होती. ती खुर्ची पाहुणे आले की गोठ्यात लपवायची. एकदा एक बाई हौसेनं गोठा बघायला गेल्या आणि विचारत बाहेर आल्या, ही कसली खुर्ची. तू पटकन म्हणालास, धार काढायला बसतात. मी पदराआड अशी हसले, अशी हसले, की मला ठसका लागला. आपण दोघं त्या दिवशी मंडळी गेल्यावर किती हसलो होतो. गाय विकून किती वर्षं झाली होती.

छपरावर पत्रा घालू दे म्हटलं, तू म्हणालास कौलंच राहू दे. मोरी आत घेऊ म्हटलं, तू म्हणालास घराचं रूप जाईल. तू दर शनिवारी यायचास, चिंबोऱ्यांचं कालवण आणि नाचणीची भाकरी खायचास, ओट्यावर पाय सोडून धरणाच्या पाण्याकडं बघायचास, आणि रविवारी दुपारच्या गाडीनं जायचास. त्या घराचं रूप तू शनिवारी बघायचास. मी ते सोमवारी झाडायची.

धरणात बुडालेल्या, पाण्याखालच्या गावावर तू इतकं लिहिलंस, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तिथं कुणी राहत नाही. माझं म्हणणं फक्त जिथं मी राहते तेवढ्यापुरतं होतं.

आपलं ते भांडण आठवतं का, गेल्या दिवाळीनंतरचं? मनूनं मला डॉक्टरकडं नेलं होतं. ते म्हणाले, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करू, पण मग हा चढ विसरायचा. मनू हिंजवडीजवळ नेऱ्याला राहते, ती म्हणाली, "आत्या, माझ्याकडं चल. लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे, मी आहे." तुझी लेक गुणाची, दादा. ती मला घरात पाहुणी म्हणून नाही, घरची म्हणून बोलावत होती. मी तुला सांगितलं. तू धरणाकडं तोंड फिरवलंस. मग म्हणालास, "तू गेलीस तर मी येऊ कुणाकडं?"

मी म्हटलं, "लोक मला काय म्हणतील याची मला भीती वाटते. तू ती कविता करून ठेवलीस."

तू म्हणालास, "ती कविता तुझ्यावर नाहीच गं. ती मुलखावर आहे."

"मग मुलखाचं नाव घालायचं. मुळशी कुटं जातीया."

तू हसलास. वाईट हसलास. "मुळशी तर केव्हाच गेली, ठके. तूच तेवढी राहिलीस."

मला एवढा राग आला की मी उठून आत गेले. पलीकडच्या टेकाडावर रिसॉर्ट झालं. खालच्या आळीतल्यांनी जमिनी दिल्या आणि कासार आंबोलीला बंगले बांधले. त्यांच्याविरुद्ध कुणी ब्र काढला नाही, त्यांच्या पोरींची लग्नं थाटात झाली. त्यांच्यावर कविता नव्हती. आणि एका बाईच्या दुखऱ्या पाठीवर तू अख्खा मुलूख ठेवून रविवारच्या गाडीनं निघून जायचास. हे मी आतून, चुलीपुढं बसून, मोठ्यानं म्हणाले. तू ऐकलंस की नाही मला माहीत नाही. तू ओट्यावरच होतास.

आणि मग तू दवाखान्यात गेलास, आणि भांडण तसंच राहिलं.

त्या दिवशी मनू खाली औषधं आणायला गेली होती. तुझ्या हाताला नळ्या, ओठ सुकलेले. मी चमच्यानं पाणी घालत होते. म्हटलं आता विचारलं नाही तर राहूनच जाईल. म्हटलं, "दादा, आवणीच्या त्या दिवशी माजं जायचं चाललं हुतं, तुला ठाऊक हुतं ना?" तू डोळे मिटून होतास. मला वाटलं झोप लागली. मग तू आपल्या बोलीत बोललास. कवितेत नाही, तोंडानं, कित्येक वर्षांनी. "ठाऊक हुतं."

मी चमचा खाली ठेवला.

"आय आजारी, आप्पा तसलं. तू ग्येली असतीस तर मला नोकरी सोडून वर यायला लागलं असतं." मग म्हणालास, "एकानं ऱ्हायला लागतं, ठके. न्हाईतर दुसऱ्याला जाता येत न्हाई."

तू आजारी होतास आणि खरं बोलत होतास, दोन्ही एकदम. तूच पुढं म्हणालास, "तुजी ओळ ऱ्हायलीया. म्हन की आता." मी म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पण एवढ्यात तिथल्या मावशी आल्या, भेटायची वेळ संपली म्हणाल्या, आणि तू माझा हात सोडलास. दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत तू गेला होतास.

त्यावर मी रडले नाही. लोकांना वाटलं, ठकू घट्ट बाई आहे, डोंगरासारखी. मी रागावले होते, दादा. इतकी वर्षं मला वाटायचं, त्याला माहीत नव्हतं, तो सहज बोलून गेला. त्या समजुतीवर मी तुला चिंबोऱ्या खायला घालत होते. तू जाता जाता ती समजूतही घेऊन गेलास, आणि वर खरं बोललास म्हणून तुझा आदर पण वाटायला लावलास. आता मी काय करू त्या दोन्हीचं?

परवा वाघजाईच्या मंडपात तुझी सभा झाली. सरपंच आपला बाळू. अंगणवाडीत असताना रोज शेंबूड घेऊन यायचा आणि माझ्याच पदराला पुसायचा. आता पांढरे कपडे घालतो, माइक हातात धरला की सोडत नाही. पुण्याची पाचसहा माणसं बोलली, मुलूख, माती, अस्मिता वगैरे. मग बाळूनं जाहीर केलं की कवीचं घर हाय तसंच जपायचं ठरलंय. कौलं, चूल, ओटा, सगळं. रंगसुद्धा बदलायचा नाही. "आन् मंडळी," तो म्हणाला, "आपलं नशीब लई थोर. घरासंगट आपल्या बाईबी हायेत. ठकूबाई म्हंजी चालतंबोलतं स्मारक. बाई, तुमी कायबी करायचं न्हाई. निसतं हाय तशा ऱ्हायचं."

टाळ्या पडल्या. कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. तुझ्या फोटोला होता तसाच, एकाच माळ्याकडून आणलेले होते. मला वाटलं, झालं. आता ह्यातून सुटका नाही. आप्पांनी एकदा मान वळवून बघितलं होतं, आता सगळा मंडप बघत होता, आणि सगळे प्रेमानं बघत होते. रागानं बघणाऱ्यापुढं माणूस एखाद्या वेळी उठतो तरी. इतक्या मायेनं बघणाऱ्यांपुढं कसं उठायचं?

बाळू म्हणाला, "बाई, दोन शब्द." मी खांबाला धरून उठले. उठताना गुडघा कडकन वाजला, माइकमध्ये ऐकू आला म्हणे. दोन शब्द मला येत नव्हतेच. मी डोळे मिटले आणि चालीत म्हणाले, आवणीच्या चालीत,

"डोंगराला न्हाईत गुडघं,
ठकूला हायेत दोन.
तू ग्येलास मोटारीत बसून,
ठकूला न्येनार कोन?"

मग पुण्याच्या एका माणसानं वा म्हटलं आणि मंडप हसला, टाळ्या वाजल्या, पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा झालं. टी-शर्टवाल्या पोरांनी मोबाइल वर धरले. मनूसुद्धा हसत होती, तुझ्यासारखी, मान मागं टाकून. बाळू माइकात म्हणाला, "वा बाई. लिवून घ्या रं हे. भिंतीवर कवितेच्या खाली हेबी रंगवू."

मी उभीच. मी सगळ्या वाडीदेखत सांगितलं होतं की मला जायचंय, मला कुणीतरी खाली न्या. इतकं सरळ मी जन्मात कधी बोलले नव्हते. आणि त्यांनी ते भिंतीवर रंगवायला घेतलं.

मग पुढच्या सतरंजीवरून शेवंताकाकी सरकत सरकत माझ्याजवळ आली. तिला आता ऐकू कमी येतं, दिसतंही कमी. त्या रांगेतली आता ती आणि मी, दोघीच उरलोय. तिनं माझ्या लुगड्याचा काठ धरला आणि मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसं, विचारलं,

"मग कवा निगतीस?"

मनू हसायची थांबली. मी बाळूकडं बघितलं नाही, तुझ्या फोटोकडं बघितलं नाही. म्हटलं, "रइवारी." काकी म्हणाली, "बरं. ऊन चढायच्या आत निग," आणि परत आपल्या जागी जाऊन बसली.

तर दादा, उद्या रविवार आहे. मनू गाडी घेऊन डांबरीपर्यंत येईल, तिथवर बाळूनं खुर्चीत बसवून चार पोरं लावून न्यायचं कबूल केलंय. आला होता सकाळी. खूप रुसला होता, चहा पण घेतला नाही आधी. म्हणाला, बाई, लोकांना काय सांगू. म्हटलं, सांग, गुडघे घेऊन गेली. मग चहा घेतला. घर तुम्ही जपा म्हटलं, हवं तर चूल रोज पेटवा, तुम्हाला धुराची हौस असेल तर.

बांधाबांध झाली. घरात सगळीकडं तूच आहेस, तेवढं एक मला कशात बांधता आलं नाही. पुण्याची माणसं म्हणतात तुझ्यामुळं हा मुलूख जगाला कळला. कळला असेल. मला तुझ्यामुळं अक्षर कळलं, ताट मिळालं, घर मिळालं, आणि त्याच घरात मी अडकले. यातलं एकच लिहा म्हटलं तर मला जमणार नाही.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही, मनूलाही नाही. सगळ्यांना वाटतंय की तू गेलास, दुःखानं हिचं मन इथून उडालं, म्हणून चालली. तसं नाही. तू असतास तर मी गेले नसते. ऑपरेशन ठरलं असतं, गाडी खाली येऊन उभी राहिली असती, आणि तू ओट्यावर पाय सोडून, माझ्याकडं न बघता म्हणाला असतास, "ठके, एवढा एक पावसाळा काढ." आणि मी काढला असता.